श्रावणातली खानेसुमारी

श्रावणातल्या रविवारची सकाळ. चेंदणी कोळीवाड्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला मासळीच्या पाट्या ओळीनं लागल्यात, गिर्‍हाईक मात्र तुरळक. वर ताणलेल्या निळ्या प्लास्टिकमधून पावसाचं पाणी धार धरून बादलीत पडतंय. मावशी विळीवर पाय दुमडून बसल्यात. शेजारी मासे कापून देणारा पोरगा बिहारचा आहे. इथल्या बोलीत तो मावशींच्या तोडीस तोड भांडतो.

"सावन लागला का अर्धं ठाणं माळकरी," मावशी म्हणतात. "आता जे येतील ते निराले. बगत र्‍हावा."

शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अठरा लाखांच्या वर गेलेली. पण त्यात कोण कोण आहे हे कळायला श्रावणातल्या मासळीच्या पाटीइतकी चांगली जागा नाही, असं माझं मत आहे. माळकरी, उपासवाले, संकल्पवाले सगळे गळून पडतात आणि उरलेले एकेक करून दिसू लागतात.

मिस्सा आटोपून दोघी ख्रिस्ती बायका येतात. बोंबील, मांदेली आणि वाटाभर कोळंबी. भाव करतात तो त्यांच्या खास मराठीत, आणि मावशींनाही ती परकी वाटत नाही. या ईस्ट इंडियन. राहायचं पश्चिम किनार्‍यावर आणि म्हणवायचं ईस्ट इंडियन, याचं कारण नोकर्‍यांत आहे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले इथलेच कोळी, शेतकरी, आगरी. पुढे गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती मुंबईत कामाला येऊ लागले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या रयतेला आपलं वेगळेपण दाखवायची गरज पडली. १८८७ला, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेऊन संस्थाच काढली.

मग महागिरीकडचे चाचा येतात. कोकणी मुसलमान. बांगडे दाबून बघतात, कल्ले उलटून बघतात, "काल रातचा हाय ह्यो," म्हणून निघून जातात. मावशी त्यांच्या पाठीवर हसतात. "येतील परत. सगळ्या पाट्या फिरून हितंच येतात."

खरा तमाशा पुढे आहे. मावशींकडे आज एक पल्ला आलाय, बर्फातून गुजरातकडचा. चांदीसारखा लखलखीत, पोटात गाबोळी. त्याच्यासाठी कोपरीहून एक सिंधी आजोबा सकाळपासून घोटाळतायत आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमधून एक बंगाली जोडपं नेमकं आत्ता गाडीतून उतरलंय. दोघांना तोच हवा. मावशी दोघांकडे आळीपाळीनं बघतात आणि भाव शंभरानं वाढवतात.

आजोबांच्या वडिलांनी १९४८ला सक्खर सोडलं. सिंधूच्या काठावरचं सक्खर. फाळणीनंतर सिंध सोडून आलेले हजारो लोक या पट्ट्यात उतरले. मोठा लोंढा कल्याणच्या लष्करी छावणीत गेला, तिचंच पुढे उल्हासनगर झालं. काही कोपरीत राहिले. आजोबांचा जन्म कोपरीतला, सिंधू त्यांनी पाहिलेलीच नाही. पण झुलेलाल ज्या माशावर बसतात तो हाच, हे ते बंगाली बाईंना ठासून सांगतात. बाई ऐकून घेतात आणि म्हणतात, आमच्याकडे सरस्वतीपूजेला जोड-इलिश लागतो, याच माशाची जोडी. दोन नद्यांची माणसं ठाण्याच्या खाडीकाठी एकाच माशावर हक्क सांगतायत, आणि तो मासा मुळात तिसर्‍याच नदीचा, बहुधा नर्मदेचा.

निवाडा बिहारचा पोरगा करतो. "आधा-आधा." आजोबांना अख्खा हवा होता, भरून करायला. बंगाली बाईंना आडवे तुकडे हवेत आणि डोकंही. शेवटी डोकं बाईंना, गाबोळी आजोबांना. आजोबा पिशवी घेऊन निघतात तेव्हा जिंकल्यासारखे दिसतात. बाईसुद्धा.

आता आमच्या शेजारच्या काकू येतात. त्यांच्याकडेच आज जेवायला बोलावणं आहे, पिशवी धरायला म्हणून मी सोबत आलोय. हिरवी सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. आडनावाला शेवटी 'कर'. अनोळखी माणूस त्यांना कोकणस्थ म्हणेल नाहीतर सीकेपी. ठाण्यात दोन्ही खपून जातं. मावशी मात्र त्यांना बघताच कोळंबीच्या वाट्यावर ओला फडका टाकतात. मोरी, शिंगाळा मागे सरकवतात. पुढे येतो पापलेट आणि रावस.

"खवलं हायती, बगा," म्हणत मावशी पापलेटवरून अंगठा उलटा फिरवतात. बारीक, टिकलीएवढी खवलं अंगठ्याला चिकटतात. काकू वाकून बघतात, मान हलवतात. खवले आणि पर नसलेला जलचर तोरा या धर्मग्रंथात वर्ज्य आहे. मावशींनी तोरा पाहिलेला नाही, पण नियम पाठ आहे. शनिवारी या बाई येत नाहीत, शुक्रवारी दुपारच्या आत येतात, हेही पाठ. सासूनं शिकवलं, म्हणतात.

"मग मावशी, यात मूळचं कोण?" मी विचारतो.

"आमी. दुसरं कोण?" त्या विळी पुसतात. "खाडी आमची. ही आगीनगाडी आमच्या वाड्यातून गेली. अर्धी चेंदणी हिकडं, अर्धी तिकडं." १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथं आली, त्याचं कौतुक पाठ्यपुस्तकात असतं. मावशींच्या लेखी ती आजही मधे आलेली आहे. बाकी सगळे, त्या म्हणतात, गाडीतून उतरलेले.

ते काही खरं नाही. गाडी येण्याच्या कितीतरी आधी लोक उतरले होते, गलबतातून. तलावपाळीच्या बाजूनं आम्ही चालत निघतो. डावी-उजवीकडे बघत जावं तर कौपिनेश्वराची शिखरं आणि सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च एकाच तळ्याच्या पाण्यावर. १३२१ला चार फ्रान्सिस्कन पंथीय ठाण्यात मारले गेले, त्यांतले तिघे इटलीचे आणि चौथा थेट तिफलिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियाचा. भाषा येतात म्हणून दुभाष्या म्हणून सोबत आलेला. ते उतरले होते इथल्या नेस्टोरियन ख्रिस्त्यांकडे. मागाहून आलेल्या ओदोरिक नावाच्या प्रवाशानं ठाण्यात त्यांची पंधरा घरं असल्याचं लिहून ठेवलंय. त्या पंधरा घरांचं पुढे काय झालं, कोण जाणे. आज तळ्याकाठी कणीस भाजणार्‍याच्या शेगडीचा धूर आहे.

टेंभीनाक्याला वळलो की अग्यारी लेन. १७७४ला इंग्रजांनी मराठ्यांकडून साष्टी घेतली, मग पारशी इथं वसले. अग्यारी कावसजी पटेलांची. पटेल मंडळींचंच नाव मुंबईत सी. पी. टँकला आहे. फाटक बंद. आत शिरायचा आपल्याला अधिकार नाही, त्यामुळे पुढे. जवळच सिव्हिल हॉस्पिटल. त्याला नाव विठ्ठल सायन्नांचं, आणि सायन्ना तेलुगू. नवरात्रात याच नाक्यावर देवीला पाय ठेवायला जागा नसते.

आणि त्याच वस्तीत सिनेगॉग. शआर हश्शामायिम, स्वर्गाचं दार. १८७९चं. आत खोबरेल तेलाचे दिवे, दाराशी पोलीस. २००८च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर बंदोबस्त वाढला तो कायमचाच. काकू त्या शिपायाला "जेवलास का रे?" विचारतात.

काकूंच्या घरात शिरताना चौकटीवरच्या मेझुझाला त्या बोटं लावून ओठांना लावतात. बैठकीत चादर अंथरलीय, मधोमध मोठं ताट. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, बदाम. भोवती केळी, सफरचंद, खजूर आणि गुलाब. हा मलिदा. नातवाला नोकरी लागली म्हणून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला बोललेला. टोप्या घातलेले पुरुष हिब्रूत गातात, चाल मात्र भजनाची वाटते. मला तसं वाटतं, काकूंना ते मान्य नाही. मग गुलाब हातोहात फिरतो आणि प्रत्येकजण हुंगून आशीर्वाद म्हणतो. झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणार्‍याचा वेगळा.

या बेने इस्राएल ज्यूंचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनार्‍याला लागले, असं परंपरा सांगते. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावांत तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले, लोक 'शनिवार तेली' म्हणू लागले. गाव तेच आडनाव: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. पलटणीतून, रेल्वेतून, सरकारी कचेर्‍यांतून ठाण्याला आले. १९४८नंतर बहुतेक इस्राएलला गेले. जनगणनेच्या मुख्य तक्त्यात उरलेले 'इतर' या रकान्यात मोडतात; राज्य सरकारनं अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली २०१६ला.

कोपर्‍यात काकूंचे दीर बसलेत, अशदोदहून आलेले. मी त्यांच्याशेजारी जागा धरतो.

"गेलो तेव्हा," ते सांगतात, "तिथले धर्मगुरू लग्नासाठी विचारायचे, तुझी आई ज्यू, तिची आई ज्यू, तिची? म्हटलं, पेणला माझ्या पणजीनं शनिवारी घाणा कधी हलवला नाही. ते पुराव्यात धरेनात." १९६४ला बेने इस्राएल जेरुसलेममध्ये धरण्याला बसले. मग इस्राएलच्या संसदेनं, नेसेटनं, ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत.

"आणि ते कमी होतं काय," काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "आपल्यातच गोरे इस्राएल, काळे इस्राएल होतंच की! माझ्या आजीला त्यावरून एक स्थळ नाकारलं होतं."

दीर तो विषय टाळतात. पापलेटचं कालवण नारळाच्या दुधात, त्यावर गरम भात. गोडाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. याच ताटानंतर मटण आहे, म्हणून गाईचं दूध आज कशातच नाही. पंगत बसते. दीर भात कालवता कालवता विमानतळावरची गोष्ट सांगतात, घरच्यांनी ती आधीही ऐकली असावी, कारण नातू आधीच हसतोय. ते परदेशी पासपोर्टवाल्यांच्या रांगेत उभे होते. पुढच्या माणसाशी काहीतरी मराठीत बोलले. काउंटरवरचा अधिकारी मान वर करून म्हणाला, "काका, चुकीच्या रांगेत आलात. आपली रांग तिकडं."

"मग?"

"मग काय. त्यानं सांगितलं म्हणून गेलो तिकडं. अर्धा तास उभा राहिलो, आणि तिथल्यानं परत इकडं पाठवलं. काय गं वहिनी, कालवणात तिरफळ घातलंस?"