मोबाईलमधला तो ग्रुप : हिसकावू नका, समजून घ्या

विहारातली बैठक संपली की एखादी आई मागे थांबते. बाकीच्या बाया गेल्या की हळूच विचारते, "सिस्टर, पोराच्या मोबाईलमध्ये एक ग्रुप सापडला. बायकांचे कपडे घालणाऱ्या पुरुषांचा. त्याला कोणी नादी लावलं असेल का? मोबाईल काढून घेऊ का?"

रसायनी-मोहोपाड्यापासून खोपोलीपर्यंत कुठल्याही वस्तीत विचारला जाईल असा हा प्रश्न आहे. माझे पहिले उत्तर नेहमी एकच असते : ताई, मोबाईल काढून घेऊ नका. का, ते आज या पानावर लिहिते.

हे लोक कोण?

दोन गोष्टींची गल्लत होते. क्रॉसड्रेसर म्हणजे ज्याला दुसऱ्या लिंगाचे कपडे घालावेसे वाटतात तो. त्यातले पुष्कळ जण स्वतःला पुरुषच मानतात, नोकरी-संसार करतात. ट्रान्सजेंडर व्यक्तीचे वेगळे असते. जन्माच्या वेळी 'मुलगा' किंवा 'मुलगी' असे जे लिहिले गेले, ते तिच्या आतल्या ओळखीशी जुळत नाही. मुलगी म्हणून वाढलेली व्यक्ती स्वतःला पुरुष समजते, हेही यातच येते. सगळेच ट्रान्सजेंडर टाळी वाजवत फिरत नाहीत. कोणी कंपनीत शिफ्ट करतो, कोणी कॉलेजात जातो.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ट्रान्सजेंडर असणे मानसिक विकारांतून काढून टाकले, आणि ती यादी 2022 पासून लागू झाली. 'बरे करून देतो' म्हणून उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. मग बाबा-मांत्रिकाचा तर प्रश्नच नाही. अंगात शिरले म्हणून मारहाण करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला ते शोभतही नाही.

बालगंधर्व साडी नेसून रंगभूमीवर आले तेव्हा महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. तमाशातल्या नाच्याला आपण हसून टाळ्या दिल्या. तेच आपल्या घरात दिसले की हातात काठी येते.

बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले?

र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवत होते. जे घरात, डॉक्टरकडे, कुठेच विचारता येत नाही, ते वाचक त्यांना पत्राने विचारत आणि कर्वे उत्तर छापत. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांसाठी 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच असे होत नाही, आणि लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. खटला हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

समलैंगिकता आणि ट्रान्सजेंडर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ज्याला विचारायला जागा नाही त्याला जागा मिळावी, हा मुद्दा तोच आहे. तेव्हा पत्र होते, आज चॅट आहे. ग्रुपमुळे कोणी 'तसा' होत नाही. प्रश्न आधीच मनात असतो, म्हणून माणूस ग्रुप शोधतो. एका खोलीच्या घरात सहा माणसे झोपतात, तिथे मनातले बोलायला कोपरा कुठे आहे? 'माझ्यासारखे आणखी आहेत' एवढे कळले तरी कितीतरी जणांचा जीव भांड्यात पडतो.

ग्रुपमध्ये जायचे असेल तर

हा भाग ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी आहे. आपली वस्ती लहान. ओळख फुटायला वेळ लागत नाही.

1. आधी नुसते वाचा. चांगल्या ग्रुपला नियम असतात आणि ते पाळायला लावणारी माणसे असतात. पहिल्याच दिवशी फोटो, खरे नाव, पैसे मागणारा किंवा अश्लील बोलणे लादणारा ग्रुप लगेच सोडा.

2. टोपणनाव घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर दिसतो, हे लक्षात ठेवा. टेलिग्रामवर सेटिंगमध्ये जाऊन नंबर लपवता येतो. घरात एकच मोबाईल असेल तर स्क्रीनवर येणारे मेसेज बंद ठेवा.

3. चेहऱ्याचा फोटो टाकू नका. मागे दिसणारी क्वार्टरची भिंत, कंपनीचा गणवेश, गळ्यातले ओळखपत्र यावरूनही माणूस ओळखू येतो. कुठली कंपनी, कुठली शिफ्ट, कुठले स्टेशन हेही सांगू नका.

4. कोणाला भेटायचेच झाले तर दिवसा, गर्दीच्या ठिकाणी भेटा. विश्वासातल्या एका माणसाला सांगून जा. पहिल्या भेटीत कोणाच्या खोलीवर जाऊ नका.

5. 'फोटो घरी पाठवतो, पैसे दे' अशी धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. पोलिसात तक्रार करता येते. धमकावणारा गुन्हेगार आहे, तुम्ही नाही.

6. वय अठराच्या आत असेल तर मोठ्यांच्या ग्रुपमध्ये जाऊ नका. मुलांसाठी 1098 हा मोफत नंबर आहे.

औषध ग्रुपवर विचारून घेऊ नका

नर्स म्हणून हे ठासून सांगते. शरीर बाईसारखे व्हावे म्हणून काही जण मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच खातात, दोनाच्या चार करतात. या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होऊ शकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका जास्त. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक छातीत दुखले, धाप लागली तर तडक दवाखाना गाठा आणि काय खाल्ले ते खरे सांगा. हार्मोनचे उपचार असतात, पण ते रक्ततपासणी करून, तज्ज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली.

छाती दिसू नये म्हणून क्रेप बँडेज करकचून गुंडाळणारी मुलेही आहेत. बँडेज श्वासागणिक आवळत जाते, बरगड्यांना इजा होते. ते लावून झोपणे तर फारच वाईट.

आणि चॅट म्हणजे दवाखाना नव्हे. जीव नकोसा वाटत असेल तर 14416 वर फोन करा. ही सरकारची 'टेली मानस' सेवा आहे : मोफत, चोवीस तास, मराठीतही. प्रत्यक्ष माणसांशी बोलायचे तर आपण मुंबई आणि पुणे यांच्या मध्येच राहतो. मुंबईचा हमसफर ट्रस्ट 1994 पासूनचा, पुण्याचा समपथिक ट्रस्ट 2002 पासूनचा.

आई-बापांनी काय करावे?

मारू नका. नातेवाईक गोळा करून पंचायत बसवू नका. 'लग्न केले की सुधारेल' म्हणून लग्न लावू नका. त्यात दुसऱ्याच्या लेकीचाही जन्म वाया जातो. घराबाहेर काढू नका. ट्रान्सजेंडर व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणे 2019 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात म्हटले.

आपल्याच चळवळीकडे पाहा. वंचित बहुजन आघाडीने कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्ता केले, 2024 ला रावेरमधून शमिभा पाटील यांना विधानसभेची उमेदवारी दिली. व्यासपीठावर आपण त्यांना जय भीम घालतो. तोच मान घरातल्या लेकराला का नको?

सगळे एका दिवसात समजणार नाही, हे मलाही माहीत आहे. रडू येईल, राग येईल. तो माझ्यासारखीपाशी बोला, लेकरावर काढू नका. लेकराजवळ बसून एवढेच म्हणा : "मला अजून नीट कळत नाही, पण तू आमचाच आहेस. ग्रुपवर कोणी त्रास दिला तर आधी मला सांग."

हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथले लेकरू धमकी आली तर रेल्वे रुळाकडे जात नाही, आईकडे येते. म्हणून सांगते, मोबाईल त्याच्या हातात राहू द्या आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसा.

जय भीम.