काचेची नळी आणि मर्सी नदी

नळाची तोटी अगदी थोडी उघडून पाहा. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत आणि स्थिर दिसते. तोटी आणखी फिरवा. तीच धार विस्कटते, खळखळू लागते. वाहत्या पाण्यात असा बदल नेमका केव्हा होतो, याचा शोध ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी घेतला.

रेनॉल्ड्स यांचा जन्म १८४२ साली बेलफास्टला झाला. आधी एका यंत्रशाळेत उमेदवारी करून मग ते केंब्रिजला गणित शिकायला गेले. १८६८ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात ते अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले.

आपला प्रयोग त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केला. टाकीत एक लांब काचेची नळी ठेवून तिच्या तोंडाशी त्यांनी रंगीत पाण्याची बारीक धार सोडली. वेग कमी असताना रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ जाई. वेग वाढवत नेला की एका क्षणी ती थरथरे आणि सगळ्या पाण्यात मिसळून जाई. हे केवळ वेगामुळे घडत नाही. नळीची रुंदी, द्रवाची घनता आणि चिकटपणा यांचाही त्यात वाटा असतो. या चौघांना एकत्र बांधणारी संख्या आज ‘रेनॉल्ड्स संख्या’ म्हणून ओळखली जाते.

याहून नवल वाटते ते त्यांच्या नदीचे. मँचेस्टरपर्यंत जहाजे आणण्यासाठी कालवा खणायचा बेत तेव्हा चालला होता. त्यामुळे मर्सी नदीचे मुख गाळाने भरेल, अशी लिव्हरपूलकरांना भीती होती. १८८५ च्या सुमारास रेनॉल्ड्स यांनी त्या मुखाची छोटी प्रतिकृती बनवली. एक मैल दोन इंचांत बसवला. खोलीही त्याच प्रमाणात घेतली असती, तर ८० फूट पाणी एक मिलिमीटरही उरले नसते. म्हणून खोली सुमारे ३३ पट वाढवली. तळाशी सपाट वाळू पसरली आणि यंत्राने भरती-ओहोटी सुरू केली. सुमारे ४० सेकंदांना एक भरती! हळूहळू वाळूत खऱ्या मर्सीसारखे प्रवाह आणि उंचवटे तयार झाले. तळाचा आकार कोणी आखून दिला नव्हता.

कॉलेजात वाफेचे इंजिनही होते. कारखान्यासाठी नव्हे, विद्यार्थ्यांनी मोजमाप करावे म्हणून. रवीने ताक घुसळावे तसे त्या इंजिनाकडून पाणी घुसळून घेतले, आणि बर्फासारखे थंड पाणी उकळीपर्यंत तापवायला किती काम लागते, हे रेनॉल्ड्स व मूर्बी यांनी १८९७ साली मोजले.

शाखा कोणतीही असो, अभियंत्याचा विज्ञानाचा पाया पक्का हवा, असा रेनॉल्ड्स यांचा आग्रह असे. त्यांची व्याख्याने मात्र समजायला कठीण! पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन त्यांचेच विद्यार्थी.

काचेच्या नळीचे ते उपकरण मँचेस्टर विद्यापीठाने जपून ठेवले. शंभर वर्षांनी त्याच उपकरणावर तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा रंगाची रेघ पूर्वीपेक्षा कमी वेगातच विस्कटली. बाहेरच्या रस्त्यांवरील मोटारींच्या रहदारीने आतले पाणी हादरत होते.