दारापासून फाटकापर्यंतचे मीटर

पुण्याहून लंडनला निघालेल्या कुटुंबात व्हिसा, सामान, घरमालकाचं डिपॉझिट या सगळ्याच्या आधी एकच प्रश्न येतो: मुलीची शाळा कोणती? मुलगी दहा-अकरा वर्षांची असली तर घाई जास्तच. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा अकराव्या वर्षी संपते आणि यिअर सेव्हनपासून, म्हणजे वयाच्या हिशेबाने आपल्या सहावीपासून, माध्यमिक शाळा सुरू होते. आई फाइल लावायला घेते. गुणपत्रिका, स्कॉलरशिप परीक्षेचं प्रमाणपत्र, चित्रकलेची बक्षिसं, शाळा सोडल्याचा दाखला. आणि मग समजतं की सरकारी खर्चाने चालणाऱ्या, फी न घेणाऱ्या तिथल्या बहुतेक शाळांना प्रवेश देताना या फाइलमधलं काहीही पाहायचं नसतं. त्यांना पाहायचा असतो पत्ता.

ही व्यवस्था मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा थक्क झाले. शाळा निवडणं म्हणजे चांगल्या शाळांची यादी काढून एकेकीचं दार ठोठावणं, अशी आपली समजूत. तिथे मात्र घर, नकाशा आणि एक अतिशय देखणं गणित मिळून शाळा ठरवतात. ज्यांना हे गणित कळतं त्यांची निम्मी काळजी मिटते.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की कुणाला आधी घ्यायचं, याचे नियम प्रत्येक शाळेला आधीच जाहीर करावे लागतात. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाच्या सरकारी आराखड्यात ज्या शाळेचं नाव लिहिलेलं असतं, तिने त्याला घ्यावंच लागतं. उरलेल्यांत पहिला मान ज्यांचं पालकत्व सरकारकडे आहे अशा मुलांचा. ज्यांच्यासाठी खेटे घालायला आईवडील नाहीत, त्यांनाच रांगेत सर्वांत पुढे उभं करणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर बहुतेक ठिकाणी भावंडं येतात, आणि मग येतं अंतर.

हे अंतर मोजण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी घर आणि शाळा यांच्यामधली सरळ रेषा संगणक नकाशावर आखतो. काही शाळा चालत जायच्या वाटेने मोजतात. सरळ रेषेच्या हिशेबात मधली रेल्वे लाइन, कालवा, मोठा बंगला यांपैकी काहीच आड येत नाही. हिशेब मीटरपर्यंत काटेकोर असतो. एकाच इमारतीच्या वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या दोन मुलांचं अंतर तंतोतंत सारखं आलं तर? तर चिठ्ठी टाकतात, आणि त्या सोडतीवर देखरेख करायला शाळेशी संबंध नसलेला माणूस लागतो.

प्रवेश झाले की अनेक काउन्सिल शाळावार एक आकडा छापतात: यंदा सर्वांत लांबून आलेल्या मुलाचं घर किती अंतरावर होतं. घर शोधणाऱ्याने हा आकडा भाड्याच्या आधी पाहावा. पण त्यात एक गंमतही आहे. या अंतरावर शाळेभोवती पडणाऱ्या वर्तुळाची हद्द कुणी अधिकाऱ्याने आखलेली नसते. त्या वर्षी अर्ज केलेल्या सगळ्या घरांनी मिळून नकळत आखलेली असते. शाळेजवळ नवा टॉवर उभा राहिला, त्यात मुलंबाळं असलेली कुटुंबं आली, की वर्तुळ आकसतं. शेजारी नवी शाळा निघाली की पसरतं. एखाद्या वर्षी धाकटी भावंडं जास्त आली तर अंतरावर भरायच्या जागाच कमी उरतात. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा ठेवून वर्तुळाच्या अगदी काठावर घर घेऊ नये. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत आणि त्यांतल्या सर्वांत लहान वर्तुळाच्या आत घर शोधावं.

बरोची, म्हणजे लंडनमधल्या एकेका काउन्सिलच्या विभागाची, हद्द मात्र तितकीशी आड येत नाही. ग्रिनिचच्या काउन्सिलने आपल्या हद्दीतल्या मुलांना आधी प्रवेश द्यायचा प्रयत्न केला, तो वाद न्यायालयात गेला आणि १९८९ मध्ये निकाल लागला: केवळ हद्दीबाहेर राहतो म्हणून मुलाला मागे ढकलता येणार नाही. त्यामुळे हॅरोच्या कडेला राहणारं मराठी कुटुंब शेजारच्या बरोतली शाळाही मागू शकतं. अर्ज तेवढा स्वतःच्या काउन्सिलकडे करायचा.

आता ते देखणं गणित. लंडनमधल्या अर्जात शाळांसाठी सहा ओळी असतात. सहा शाळा, पसंतीच्या क्रमाने. मुदत ३१ ऑक्टोबर, उत्तर १ मार्चला. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची दहा पसंतींची यादी भरलेल्या प्रत्येक मराठी घराला इथली धाकधूक ओळखीची वाटेल. वरच्या ओळीत अवघड नाव लिहिलं तर पहिली पसंती वाया जाईल का? आपण दुसऱ्या क्रमांकावर टाकलं म्हणून ती शाळा रुसेल का?

पूर्वी इंग्लंडमधल्या काही शाळा खरंच रुसत. ज्यांनी आपल्याला पहिल्या ओळीत लिहिलं त्यांनाच त्या आधी घेत. म्हणजे मनातली शाळा पहिली लिहून ती हुकली, की दुसरी तोवर भरून गेलेली. खरं बोलणाऱ्यालाच फटका बसायचा आणि अंदाज बांधण्यात तरबेज असलेले पालक पुढे जायचे. २००७ च्या प्रवेशसंहितेने ही पद्धत बंद केली. आता आपण त्या मुलाच्या यादीत कितव्या ओळीत आहोत, हे प्रवेशाचा क्रम लावताना शाळेला सांगतच नाहीत.

याच्या मुळाशी असलेली कल्पना १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी मांडली. जेमतेम सात पानांचा लेख. विषय होता कॉलेज-प्रवेश आणि लग्नं. आपल्याकडच्या स्थळं पाहण्याच्या भाषेत सांगायचं तर असं: प्रत्येक मूल आपल्या पहिल्या पसंतीच्या शाळेला मागणी घालतं. शाळा आपल्या नियमांनुसार रांग लावते, जागा असतील तितक्यांना थांबवून ठेवते आणि बाकीच्यांना नकार देते. पण होकार ती कुणालाच देत नाही. नकार मिळालेली मुलं आपापल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे ती आधीच थांबलेल्यांच्या बरोबरीने रांगेत लागतात. उशिरा आली म्हणून मागे नाही. त्यांतलं एखादं मूल शाळेच्या अधिक जवळ राहत असेल तर ते आत येतं, आधी थांबलेलं एखादं बाहेर पडतं आणि स्वतःच्या पुढच्या पसंतीकडे जातं. असं करत करत जेव्हा कुणालाच हलायचं उरत नाही, तेव्हा सगळे होकार एकदम दिले जातात.

सगळी किमया होकार शेवटपर्यंत राखून ठेवण्यात आहे. त्यामुळे पहिल्या ओळीत अवघड शाळा लिहून ती हुकली तरी दुसऱ्या शाळेतला तुमचा हक्क रेसभरही कमी होत नाही. मागणी घालणाऱ्या बाजूला यादीचा क्रम खोटा लिहून काहीच मिळवता येत नाही, हे पुढे रीतसर सिद्ध झालं. शेवटी असं एकही मूल उरत नाही, जे म्हणेल, ‘मला ती शाळा जास्त आवडत होती, आणि तिने माझ्या मागच्या मुलाला घेतलं.’ अमेरिकेत डॉक्टरांना रुग्णालयं नेमून देण्याची पद्धत १९५०च्या दशकापासून जवळजवळ याच रीतीने चालत होती, हे अॅल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवून दिलं. पुढे न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या शालेय प्रवेशांची रचना बदलण्यातही रॉथ यांचा हात होता. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल यांचं त्याआधी, २००८ मध्ये निधन झालं होतं.

यादीतला क्रम शाळेला न सांगणारी इंग्लंडची ही ‘समान पसंती’ची पद्धत याच कुळातली आहे. लंडनचे ३२ बरो आणि सिटी ऑफ लंडन आपापल्या याद्यांची देवाणघेवाण करतात, एका मुलाच्या वाट्याला दोन-तीन शाळा येत असतील तर त्याच्या यादीतली सर्वांत वरची ठेवून बाकीच्या जागा मोकळ्या करतात, आणि त्या पुढच्या मुलांकडे सरकतात. क्रॉयडनमधल्या एका मुलीची सुटलेली जागा चार घरं ओलांडत कुणा दुसऱ्या मुलीच्या दारी पोचते. त्या दोघी एकमेकींना आयुष्यात कधी भेटणार नाहीत.

सावध राहायचं ते एकाच ठिकाणी. ओळी सहाच आहेत. सहाही शाळा आवाक्याबाहेरच्या लिहिल्या तर इतरांना देऊन उरलेली, कदाचित बऱ्याच लांबची शाळा पदरी पडते.

पण ‘चांगली’ शाळा म्हणजे कोणती? निकालांचे तक्ते सगळ्यांसाठी खुले आहेत, आणि त्यांतही एक विचार करायला लावणारी गोष्ट दडली आहे. नुसता निकाल शाळेचं काम सांगत नाही. तिथे कोणती मुलं आली तेही त्यातच मिसळलेलं असतं. म्हणून २०१६ पासून प्रोग्रेस एट नावाचं माप वापरात आलं. अकराव्या वर्षी सारखे गुण असलेली देशभरातली मुलं सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षेत सरासरी कुठे पोचतात, आणि त्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे किंवा मागे राहिली, याचा तो हिशेब. शून्य म्हणजे सरासरी. अधिक अर्धा म्हणजे दर विषयात सरासरी अर्धी श्रेणी वर. कोविडमुळे २०२० आणि २०२१ मध्ये अकरा वर्षांच्या मुलांच्या परीक्षाच झाल्या नाहीत, म्हणून २०२५ आणि २०२६ च्या तुकड्यांसाठी हे माप काढता येत नाही. ज्या रोपाची लावतानाची उंची लिहून ठेवली नाही, ते किती वाढलं हे कसं सांगणार?

आणि काळाचा फरकही आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अर्ज भरणारे पालक ज्या तुकडीचा निकाल पाहतात, ती त्या शाळेत २०२० मध्ये दाखल झाली होती. त्यांची मुलगी २०२६ मध्ये आत जाणार आणि २०३१ मध्ये परीक्षा देणार. तोवर मुख्याध्यापक बदललेले असू शकतात, गणिताच्या बाई निवृत्त झालेल्या असू शकतात. जॉर्ज लेकी आणि हार्वी गोल्डस्टीन या संख्याशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हाच काळाचा फरक हिशेबात धरून पाहिलं. तेव्हा बहुतेक शाळा एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या काढताच येत नाहीत असं दिसलं. तक्त्यातल्या तेराव्याऐवजी तिसऱ्या शाळेसाठी जिवाचं रान करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. माझ्या मते तक्त्यावरून तीन-चार शाळा वगळाव्यात आणि उरलेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या खुल्या दिवसांत पायी हिंडून पाहाव्यात. मुलांना घेऊनच.

मूल चौदा-पंधरा वर्षांचं असेल तर वेगळं काही पाहावं लागतं. जीसीएसईचा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा, यिअर टेन आणि इलेव्हनचा. परीक्षा घेणारी मंडळं अनेक आहेत, शाळा विषयागणिक मंडळ निवडते आणि त्यानुसार पाठ्यांशही बदलतो. मधल्या वर्षी स्थलांतर टाळता येत असेल तर टाळावं. नाहीतर प्रत्येक विषयाचं मंडळ कोणतं, हे आधी विचारून घ्यावं. आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन स्लाउसारख्या, अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या ग्रामर शाळांच्या गावी जायचं असेल, तर त्या परीक्षेची नोंदणी ३१ ऑक्टोबरच्या खूप आधी संपते.

शेवटी प्रतीक्षायादी. ‘आपण मार्चपासून थांबलोय, आता नंबर लागेलच’ असं तिथे म्हणता येत नाही. किती दिवस थांबलात याला त्या यादीत काडीचंही वजन नाही. प्रत्येक नवं नाव आलं की यादी पुन्हा त्याच नियमांनी लावतात. जूनमध्ये शाळेसमोर राहायला आलेलं मूल मार्चपासून थांबलेल्याच्या पुढे जातं. आधीपासून थांबलेल्याला हे टोचतं. पण जुलैमध्ये पुण्याहून विमानाने उतरलेल्या मुलीसाठी हेच दार उघडं असतं: उशिरा आली तरी ती आपोआप रांगेच्या शेवटी जात नाही.

थोडक्यात, सहा ओळींपैकी शेवटची, ज्या शाळेत प्रवेश नक्की मिळेल अशा शाळेला द्या, आणि वरच्या पाच ओळींत मनात असेल त्याच क्रमाने लिहा. १ मार्चला जी शाळा मिळेल ती, नावडती असली तरी, स्वीकारा. ती स्वीकारल्याने दुसऱ्या शाळेच्या प्रतीक्षायादीतली तुमची जागा एका पायरीनेही खाली जात नाही.