जुनी टू-स्ट्रोक पारखताना

खडकाळ, अरुंद पायवाटांवर मोटारसायकल चालविणाऱ्यांची टू-स्ट्रोकवरील निष्ठा अद्याप ओसरलेली नाही. ऑस्ट्रियातील एर्झबर्गच्या लोहखाणीत १९९५ पासून भरणाऱ्या खडतर शर्यतीतही केटीएम ३०० ईएक्ससीसारख्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांचाच दबदबा राहिला आहे. अशी गाडी जुनी घ्यावयाची, तर नजर व्यापाऱ्याची हवी. येथे किलोमीटर नव्हे, इंजिन किती तास चालले ते मोजतात. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले असेल, तर सावध व्हावे. थंड गाडी स्वतः सुरू करून पाहावी. कार्ब्युरेटरची गाडी असल्यास पेट्रोलमध्ये तेल कोणत्या प्रमाणात मिसळता, हे सहज विचारावे. विक्रेता अडखळला, तर इंजिनाची निगा कशी राखली गेली ते कळते. मग एअर फिल्टर काढावा. त्याच्या आतल्या बाजूस धूळ आढळली, की पिस्टन, रिंगा व सिलिंडर घासल्याचा संशय घ्यावा. पिस्टन बदलणे हा नेहमीचाच खर्च. क्रँकचे बेअरिंग गेले असेल, तर मात्र सारे इंजिन उघडावे लागते आणि स्वस्तातला सौदा महागात पडतो. नव्या प्लास्टिकची व चकचकीत स्टिकरांची किंमत शून्य धरावी. वेष्टन पाहून घेण्याचा हा माल नव्हे. भारतात आयातीची कागदपत्रेही तपासावीत. ती नसतील, तर घासाघीस न करताच परतावे.