वजन हळूहळू कमी होतंय? धीर सोडू नका

"डॉक्टर, महिनाभर रोज पाऊण तास चालतोय, गोड बंद केलंय, तरी दोनच किलो?" हे मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. खरं तर आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे.

पहिल्या आठवड्यात वजन झटकन उतरतं, ते बरंचसं पाणी असतं. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा वापरला जातो आणि त्याच्यासोबत साठलेलं पाणीही जातं. चरबी मात्र सावकाशच घटते. शिवाय वजन कमी झालं की शरीराची ऊर्जेची गरजही कमी होते, त्यामुळे तोच आहार, तोच व्यायाम असूनही काटा अडतो. हा तुमचा आळस नव्हे.

रोज वजन करून मन खट्टू करू नका. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, बद्धकोष्ठता किंवा पाळीचे दिवस एवढ्यानेही काटा किलोभर वर जातो. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करा. पोटाचा घेर टेपने मोजा; पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा. ८० किलोच्या माणसाचं चार किलो वजन उतरलं, तरी रक्तदाब आणि साखर सुधारू लागते. लग्नात कुणाच्या लक्षात येणार नाही, पण रिपोर्टमध्ये दिसतं!

दोन-तीन महिने मनापासून प्रयत्न करूनही काहीच फरक नसेल, सोबत थकवा किंवा अनियमित पाळी असेल, तर थायरॉईड तपासा. स्टिरॉइड किंवा इन्सुलिन चालू असल्यास डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर उपाशी राहण्याचा प्रयोग विचारल्याशिवाय नको.