पाणी, जात आणि तिसावा घात

जागतिक सिकलसेल दिन, म्हणजे 19 जून, जवळ आला की विदर्भातल्या शाळा आणि आश्रमशाळांमध्ये रक्ततपासणीची शिबिरं भरतात आणि ‘2047 पर्यंत सिकलसेलमुक्त भारत’ ही घोषणा पुन्हा वाचायला मिळते. आजार काय असतो, हे पूर्व विदर्भात नव्यानं सांगायची गरज नाही. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरसारख्या तालुक्यात ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द आशाताईंनी घरोघरी पोचवले आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते या दोन अक्षरांमागचं गणित. उपचारात काय करायचं आणि घोषणेवर किती विश्वास ठेवायचा, हे दोन्ही त्या गणितावरूनच ठरतं.

आधी रसायन. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, दोष रक्तपेशीत नसून तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखाद्या आजाराचं मूळ थेट रेणूत सापडण्याची ती पहिली वेळ. पुढं व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. फरक एवढाच. ऑक्सिजन सोडून दिला की ते व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खाचेत रुततं, रेणूला रेणू जोडत लांब दोऱ्या तयार होतात, पेशी ताठरते, वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हाडं फोडणारी कळ, ज्याला दवाखान्यात ‘क्रायसिस’ म्हणतात.

पण या दोऱ्या लगेच बनत नाहीत. ऑक्सिजन सुटल्यावर काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकदम सगळं गोठतं. रुग्णाचा बचाव याच उशिरात आहे. बहुतेक पेशी तेवढ्या वेळात अरुंद वाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परततात आणि त्यांना पुन्हा ऑक्सिजन मिळतो. हा उशीर कशावर अवलंबून असतो, हे 1974 साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन या तिघांनी मोजलं, तेव्हा हाती आलेला आकडा थक्क करणारा होता. हिमोग्लोबिन जितकं दाट, तितका उशीर कमी, आणि तोही दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या प्रमाणात. निसर्गात दुसरा, तिसरा, चौथा घात नेहमी भेटतो. तिसावा घात जवळजवळ कुठंच भेटत नाही.

वहीवर करून पाहा. 1.02 ला स्वतःनंच गुणत तिसाव्या घातापर्यंत गेलात तर उत्तर 1.8 येतं. म्हणजे पेशीतलं हिमोग्लोबिन फक्त दोन टक्क्यांनी दाट झालं, तरी बचावाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. पाच टक्क्यांनी दाट झालं तर तो पाव हिश्शाच्याही खाली जातो. मोजणी प्रयोगशाळेतल्या द्रावणातली आहे, शरीरातला हिशेब आणखी गुंतागुंतीचा असतो. पण दिशा तीच राहते.

आता हा आकडा घेऊन मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या शेतावर जा. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, खरिपाआधीची कामं चालू असतात, बाया सकाळी सातला निघतात आणि धुऱ्यावरची पाण्याची कॅन दुपारपर्यंत संपते. शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही कमी होतं आणि हिमोग्लोबिन दाट होतं. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला रुग्ण शंभर वेळा ऐकतो आणि सोडून देतो, कारण तो सर्दीतापातही देतात. सिकलसेलमध्ये मात्र त्या सल्ल्यामागं तिसावा घात उभा आहे. म्हणून एसएस मुलीला शाळेत बाटली जवळ ठेवू देणं आणि तासाला लघवीला जाऊ देणं हा औषधोपचारच आहे, सवलत नाही. प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर हे लिहून ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

औषधही याच गणितावर चालतं. हायड्रॉक्सियुरिया मूळची कर्करोगातली गोळी. ती बाळाच्या रक्तातलं, म्हणजे ‘एफ’ प्रकारचं, हिमोग्लोबिन वाढवते आणि पेशीचं आकारमानही वाढवते. मोठ्या पेशीत सदोष, म्हणजे ‘एस’ प्रकारचं, हिमोग्लोबिन विरळ होतं आणि उशीर वाढतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत क्रायसिसचं वार्षिक प्रमाण 44 टक्क्यांनी घटलं आणि चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवावी लागली, इतका फायदा स्पष्ट होता.

भारतातल्या रुग्णांत एफ हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं बरीच वर्षं मानलं जाई. विदर्भातल्या डॉक्टरांचा अनुभव तसा नव्हता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना किलोमागे दिवसाला 10 मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा देऊन पाहिली. परदेशात मात्रा यापेक्षा वर नेत जातात आणि त्यासाठी वारंवार रक्ततपासणी लागते. कमी मात्रेतही मुलांचे क्रायसिस आणि रक्त चढवण्याचे प्रसंग घटले, असा त्यांचा 2012 सालचा निष्कर्ष आहे. माझ्या मते विदर्भातल्या वैद्यकीय संशोधनातलं हे एक फार मोलाचं काम आहे, कारण ते तालुक्याच्या ऐपतीत बसतं. परदेशात 2023 साली मंजूर झालेल्या जनुकसंपादनाच्या उपचाराची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर आहे. त्या बातमीचं स्वागतच आहे, पण समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या मजुराला आज हवी आहे ती महिन्याची गोळी, न चुकता, एसटीनं सेवाग्राम किंवा नागपूर गाठण्याची वेळ न येता.

तपासणीचाही हिशेब मांडायला हवा. शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट रक्ताच्या थेंबातला ऑक्सिजन काढून घेतं, एस हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि मागं धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. स्वस्त आणि हुशार युक्ती. पण गढूळ नळी एएस की एसएस, हे सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात, नुकतं रक्त चढवलेल्या माणसात आणि हिमोग्लोबिन फार खाली गेलेल्या बाईत ही चाचणी चुकून ‘नाही’ म्हणू शकते. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे होतं. समजा शंभरातला एकच निकाल चुकला. सात कोटींत ते सात लाख होतात. म्हणून किती नमुने घेतले यापेक्षा किती गढूळ नळ्यांची पक्की तपासणी झाली, हा आकडा दर महिन्याला जाहीर व्हावा.

समुपदेशनात एक गैरसमज घट्ट बसला आहे. आईवडील दोघं एएस असतील तर ‘चारातलं एक मूल’ रुग्ण, असं सांगतात. ऐकणारा समजतो की पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही. प्रत्येक गर्भाच्या वेळी आई आपल्या जनुकाच्या दोन चिठ्ठ्यांतली एक देते, बाप एक देतो, आणि आधी काय निघालं होतं याचा पुढच्या वेळेशी संबंध नसतो. दर खेपेला शक्यता तीच, पंचवीस टक्के. चारही मुलं निरोगी निघण्याची शक्यता साधारण 32 टक्के असते. एक तरी रुग्ण निघण्याची त्याहून कितीतरी जास्त.

आणि मग लग्न. रामानुजन यांच्यामुळं आपल्याला माहीत असलेले केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी 1908 साली एक छोटं पत्र लिहून दाखवलं की, लोकांत कुठल्याही निवडीशिवाय लग्नं होत असतील तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. पण आपल्याकडं लग्नं तशी होत नाहीत. एक लाख लोकांचा मुलूख घ्या, त्यातला दहा हजारांचा एक समाज, आणि त्यातच दहा टक्के प्रमाणात एस जनुक. हा समाज आपापसातच लग्नं करत राहिला तर त्यात शंभर रुग्ण निघतील. तीच जनुकं लाखभर लोकांत लग्नांतून मिसळली असती तर रुग्ण निघाले असते दहा. जनुकं तेवढीच, दुःख दसपट. जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह, हे बाबासाहेब आंबेडकरांनी मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात मांडलं होतं. विदर्भात हा आजार आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आहे, त्यामुळं हे गणित इथं विशेष लागू पडतं.

मात्र गणिताचा उपयोग मुली नाकारायला होऊ नये. एएस मुलीचं स्थळ मोडतं आणि मुलाची तपासणीच होत नाही, हा उघड अन्याय आहे. वाहक आजारी नसतो. मलेरियाच्या मुलखात त्याचे पूर्वज जगले ते याच जनुकामुळं. जोडप्यातलं एक एएस असेल आणि दुसऱ्यात एस जनुक नसेल, तर एसएस मूल होत नाही. म्हणून तपासणी आधी मुलाची व्हावी.

तपासणीची कार्डं जुळवून केलेल्या लग्नांनी जनुक नाहीसा होणार नाही. वाहकाच्या मुलांत तो निम्म्या शक्यतेनं पुढं जाईल आणि त्याचं प्रमाण जवळपास तेच राहील. नवे रुग्ण कमी होतील, पण असलेले राहतील. आज दहा वर्षांची असलेली एसएस मुलगी 2047 साली तिशी ओलांडलेली असेल. तिला तेव्हाही गोळी लागेल, उन्हात पाणी लागेल, आणि बाळंतपणात सिकलसेल जाणणारा डॉक्टर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असावा लागेल. मोहिमेच्या खर्चात या तीन गोष्टींसाठी किती रक्कम आहे, हे समुद्रपूरच्या पुढच्या आमसभेत विचारलं पाहिजे.