पाय वाचवणारी नळी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गल्लीत असे एखादे आजोबा आहेत का? घरून निघतात, शंभर-दोनशे पावले चालतात आणि थांबतात. जरा उभे राहून पुन्हा चालू लागतात. तेवढेच अंतर गेले की पुन्हा थांबतात. विचारले तर म्हणतात, "पोटरीत गोळा येतो रे बाबा. उभा राहिलो की जातो."

याला आपण म्हातारपण म्हणून सोडून देतो. पण चालल्यावर दुखणे यावे आणि थांबल्यावर जावे, ही एक महत्त्वाची खूण आहे. जर्मन भाषेत तर या दुखण्याला 'दुकानांच्या काचा पाहण्याचा रोग' अशा अर्थाचे नाव आहे. कारण रोगी थोड्या थोड्या अंतरावर दुकानासमोर उभा राहतो!

हे असे का होते? चालताना पोटरीच्या स्नायूंना प्राणवायू कितीतरी अधिक लागतो. तो आणणारे रक्त रोहिण्यांतून, म्हणजे हृदयाकडून शरीराकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतून येते. मांडीतील मुख्य रोहिणीचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर असतो. वाढते वय, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे तिच्या भिंतीत मेदाचे थर साचतात आणि वाट अरुंद होते. मग उभे असताना पुरणारे रक्त चालताना अपुरे पडते. अडथळा फारच वाढला तर बसल्या जागीही रक्त पुरत नाही. जखमा भरत नाहीत, बोटे काळी पडतात आणि पाय कापण्याची वेळ येते.

आता थोडे गणित करू. प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा अभ्यास केला. त्याला आढळले, की दाब तोच ठेवला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, तर १/२ × १/२ × १/२ × १/२ = १/१६ होतो! शरीरातील रक्ताचा प्रवाह इतका सरळ नसतो हे खरे. पण यातून एक आशेची गोष्ट कळते. वाट थोडीशी रुंद झाली, तरी प्रवाह पुष्कळ वाढतो.

मग ही वाट पाय न फाडता रुंद करता येईल का?

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर नावाचे क्ष-किरणतज्ज्ञ होते. रक्तवाहिनीत बारीक नळी घालायची, तिच्यातून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडायचे आणि चित्र घ्यायचे, हे त्यांचे रोजचे काम. नळी घालण्याची युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली होती. सुईने रोहिणी टोचायची, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेत मणी ओवावा तशी नळी तारेवरून आत न्यायची. मोठी चीर नाही की टाके नाहीत!

१९६३ मध्ये एका रोग्याची अशी तपासणी करताना डॉटर यांची नळी नकळत ओटीपोटातील एका बंद रोहिणीतून आरपार गेली आणि ती वाट उघडली. दुसरा एखादा हे विसरून गेला असता. डॉटर यांनी मात्र विचार केला, जे चुकून झाले ते मुद्दाम का करू नये?

संधी लवकरच आली. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या डाव्या पायाची बोटे सडू लागली होती. शल्यवैद्यांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. बाईंनी साफ नकार दिला. १६ जानेवारी १९६४ रोजी डॉटर यांनी त्यांच्या मांडीच्या रोहिणीतील अरुंद जागेतून तार पलीकडे नेली आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या. मेदाचा थर बाहेर काढला नाही. फक्त भिंतीकडे दाबून बाजूला सारला. थंडगार पाऊल काही मिनिटांतच ऊबदार झाले! काही बोटे गेली, पण पाय वाचला. पुढे सुमारे अडीच वर्षांनी त्या न्यूमोनियाने वारल्या. तोपर्यंत त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या.

तरीही जाड नळी आत घालायची म्हणजे त्वचेजवळ भोकही मोठेच पडणार. ही अडचण स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी सोडवली. नळीच्या टोकाशी मिटलेला फुगा बसवायचा आणि अडथळ्यापाशी नेऊन फुगवायचा, ही त्यांची कल्पना. पण साधा रबरी फुगा जिथे विरोध कमी तिथेच फुगतो, अडथळ्याशी मात्र दबलेला राहतो. म्हणून त्यांनी पीव्हीसीचा, ठरावीक आकारापलीकडे न फुगणारा लांबट फुगा तयार केला. हे प्रयोग त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात केले! १९७४ मध्ये तो पायाच्या रोहिणीत वापरला गेला आणि १९७७ मध्ये हृदयाच्या. हृदयाची अँजिओप्लास्टी आज सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा जन्म पायात झाला, हे किती जणांना माहीत असते?

आज फुग्याबरोबर धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. औषध लावलेले फुगेही वापरतात. तरी रोहिणी पुन्हा अरुंद होऊ शकते आणि अडथळा फार लांबवर असेल तर शस्त्रक्रियेने रक्ताला वळणवाट करून द्यावी लागते. फुगा वाट मोकळी करतो, रोग घालवत नाही. त्यासाठी तंबाखू सोडणे, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि वैद्यांच्या सल्ल्याने नियमित चालणे हवेच.

रोग ओळखण्याची पहिली चाचणी अगदी सोपी आहे. डॉक्टर घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या रोहिणीत अडथळा असण्याची शक्यता असते.

तेव्हा मित्रांनो, गल्लीतले आजोबा पुन्हा वाटेत थांबले, तर त्यांच्याजवळ जा आणि विचारा, "आजोबा, पोटरी दुखते का? थांबल्यावर बरे वाटते का?" उत्तर 'हो' आले, तर त्यांच्या घरी सांगा आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लावा. बोटे काळी पडेपर्यंत वाट पाहू नका.